विश्लेषण : भारत-ब्रिटन व्यापार करारात पारडे कोणाचे जड?

भारत आणि ब्रिटन यांच्यातील मुक्त व्यापार करारावर टीका करणारे दोन्ही देशांत आहेत आणि दोघांचे म्हणणे एकच आहे : आपण फसलो. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षांनी भारतीय कर्मचाऱ्यांना सामाजिक सुरक्षा वर्गणीतून मिळालेल्या सवलतीवर आगपाखड केली. भारतात सरकारी खरेदीची दारे उघडल्याबद्दल आणि औषधांच्या पेटंटविषयीच्या कलमांबद्दल शंका घेतल्या गेल्या. दोन्ही सरकारे मात्र करार उभयपक्षी लाभाचा असल्याचे सांगतात. दोन्हीकडचे नाराज म्हणजे करार समतोल, असे म्हणून मोकळे होता येईल. पण तागडीत नेमके काय टाकले गेले हे पाहिल्याशिवाय तसे म्हणणे घाईचे ठरेल.

करार व्हायला इतकी वर्षे का लागली?

वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. त्या वेळचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ‘दिवाळीपर्यंत करार’ अशी घोषणा केली होती. त्या दिवाळीपर्यंत करार तर झाला नाहीच, पण ब्रिटनने जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान पाहिले. पुढे २०२४ मध्ये दोन्हीकडे निवडणुका झाल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. २४ जुलै २०२५ रोजी चेकर्स येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि कीर स्टार्मर यांच्या उपस्थितीत वाणिज्यमंत्री पीयूष गोयल आणि त्यांचे समपदस्थ जोनाथन रेनॉल्ड्स यांनी सह्या केल्या.

युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनला मोठी बाजारपेठ मिळवून दाखवायची होती. भारताला, चीनप्रमाणे आपल्याच कारखान्यांशी स्पर्धा न करणारा एक श्रीमंत ग्राहक हवा होता. २०२४-२५ या वर्षात भारताने ब्रिटनला सुमारे १,४५० कोटी डॉलरचा माल विकला आणि तिथून सुमारे ८६० कोटी डॉलरचा घेतला. म्हणजे वस्तूंच्या व्यापारात भारत आधीपासूनच वरचढ होता.

९९ विरुद्ध ९० : या आकड्यांत मेख कुठे?

भारत सरकारने सर्वाधिक पुढे केलेला आकडा ९९ टक्क्यांचा आहे. सीमाशुल्काच्या यादीत प्रत्येक वस्तूची एक ओळ असते. ब्रिटनने आपल्या यादीतील ९९ टक्के ओळींवर भारतीय मालासाठी शुल्क शून्य केले. भारताने ९० टक्के ओळींवर शुल्क कमी केले, तेही टप्प्याटप्प्याने. त्यांतील ८५ टक्के ओळी दहा वर्षांत शून्यावर येतील. वरकरणी भारताने कमी दिले, जास्त घेतले.

पण आधी शुल्क किती होते, हे या आकड्यांत दिसत नाही. ब्रिटनचे शुल्क मुळातच कमी. अनेक वस्तूंवर ते आधीच शून्य होते. त्या ओळी ‘शून्य’ करण्यात ब्रिटनने काहीच गमावले नाही. भारताचे शुल्क मात्र उंच. ब्रिटिश सरकारच्या हिशेबानुसार त्यांच्या मालावरील भारताचे सरासरी शुल्क १५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर येईल. पहिल्या मजल्यावरून उतरणारा आणि दहाव्या मजल्यावरून उतरणारा दोघेही तळमजल्यावर पोहोचले, तरी पायऱ्या सारख्या उतरलेल्या नसतात.

याचा अर्थ भारताच्या हाती काही लागले नाही, असा मात्र नाही. जिथे ब्रिटनचे शुल्क खरोखर टोचत होते, तिथेच ते गेले आहे. कापड आणि तयार कपड्यांवर ते १२ टक्क्यांपर्यंत होते, चामड्याच्या पादत्राणांवर १६ टक्क्यांपर्यंत. बांगलादेशचा कपडा अल्पविकसित देशांच्या सवलतीमुळे शून्य शुल्काने लंडनच्या दुकानांत पोहोचत होता आणि तिरुपूरचा टी-शर्ट किंवा सोलापूरचा टॉवेल शुल्क भरून. कपड्याच्या धंद्यात नफा चार-पाच टक्क्यांवर खेळतो. तिथे १२ टक्क्यांची तफावत म्हणजे ऑर्डरच हातची जाणे. हे धंदे हजारो हातांना काम देतात, म्हणून कराराचे हे अंग भारतासाठी सर्वात मोलाचे आहे.

दोन्ही देशांनी काही गोष्टी हातच्या राखल्या. भारताने दूध व दुग्धजन्य पदार्थ, सफरचंद, खाद्यतेल, ओट्स यांना हात लावू दिला नाही. ब्रिटननेही साखर, पॉलिश केलेला तांदूळ, कोंबडी, डुकराचे मांस आणि अंडी बाहेर ठेवली. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांनी या करारातून काही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

स्कॉच खरेच निम्म्या किमतीत मिळणार?

करार झाल्या दिवशी मोबाइलवर सर्वाधिक फिरलेला प्रश्न हाच होता. उत्तर : नाही. व्हिस्कीवरील १५० टक्के सीमाशुल्क करार लागू होताच ७५ टक्के होईल आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येईल. समजा, बंदरात उतरलेल्या बाटलीची किंमत ४०० रुपये आहे. आज तिच्यावर ६०० रुपये शुल्क लागून ती हजाराला पडते. ७५ टक्क्यांनी ती ७०० ला आणि शेवटी ४० टक्क्यांनी ५६० ला पडेल. मात्र त्यानंतर राज्याचे उत्पादन शुल्क, विक्रीकर, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांचा नफा चढतो. ग्राहक जे पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा राज्याच्या तिजोरीत जातो आणि त्यावर लंडन-दिल्लीतील कराराचा अंमल चालत नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा कोणताही करार नसताना मुंबईच्या दुकानांतले भाव लक्षणीय उतरले होते. उलट जून २०२५ मध्ये देशात तयार होणाऱ्या विदेशी मद्यावरील शुल्क याच राज्याने वाढवले.

भावापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रमाणाच्या हिशेबाने भारत ही स्कॉचची जगातील सर्वात मोठी बाजारपेठ आहे. २०२४ मध्ये सुमारे १९ कोटी २० लाख बाटल्यांइतकी स्कॉच इथे आली. याउलट भारतात बनणारी बहुतांश व्हिस्की ब्रिटनमध्ये ‘व्हिस्की’ म्हणून विकताच येत नाही. तिथल्या व्याख्येनुसार ती धान्यापासूनच बनलेली आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली हवी. आपली बरीचशी व्हिस्की उसाच्या मळीच्या स्पिरिटची. शिवाय इथल्या उन्हाळ्यात मद्य लवकर मुरते आणि पिंपातून उडूनही जाते, म्हणून तीन वर्षांची अट शिथिल करा, ही भारतीय उत्पादकांची जुनी मागणी आहे. भारतीय सिंगल माल्ट या कसोटीत बसतात, पण तो छोटा वर्ग झाला. थोडक्यात, शुल्क शून्य असले तरी दाराची चौकटच अशी आहे की आपला बराच माल आत शिरत नाही. गोव्याची फेणी आणि नाशिकची वाइन यांना ब्रिटनमध्ये वाट मिळेल, असे सरकारने सांगितले आहे. तिथल्या पिणाऱ्याला फेणीचा वास कितपत मानवतो, ते दिसेलच.

‘ब्रिटिश’ मोटार म्हणजे कोणाची?

मोटारींवरील ११० टक्क्यांपर्यंतचे शुल्क १० टक्क्यांवर येणार, ही ब्रिटनच्या पदरात पडलेली ठळक सवलत. ती ठरावीक कोट्यापुरती आहे आणि विद्युत वाहनांना पहिली पाच वर्षे ती नाही, कारण भारताला आपला विद्युत वाहन उद्योग आधी उभा करायचा आहे. इथे गंमत अशी की या सवलतीचा मोठा लाभार्थी असलेल्या जग्वार लँड रोव्हरची मालकी २००८ पासून मुंबईच्या टाटा समूहाकडे आहे. आणि स्वस्त स्कॉचचा फायदा ज्या युनायटेड स्पिरिट्सला होईल, ती बेंगळूरुची कंपनी लंडनच्या डियाजिओच्या ताब्यात आहे. ‘ब्रिटनला किती, भारताला किती’ हा हिशेब इथे गडबडतो.

आणखी एक गाठ आहे. लँड रोव्हरची डिफेंडर ब्रिटनमध्ये नव्हे, स्लोव्हाकियातील नित्रा येथे बनते. ती ब्रिटिश नाममुद्रेची असली तरी ब्रिटनमध्ये उत्पादित नाही, त्यामुळे तिला या कराराचा लाभ नाही. वस्तू कोणत्या देशात किती प्रमाणात बनली यावर सवलत ठरवणाऱ्या अशा अटींना मूळ उत्पत्तीचे नियम म्हणतात. रेंज रोव्हरच्या काही मॉडेलची जुळणी पुण्यात होते. तयार गाडी कोट्यात १० टक्के शुल्काने येऊ लागली, तर पुण्यात सुटे भाग जोडण्याचे गणित नव्याने मांडावे लागेल. हा प्रश्न मुंबईच्या मालकापेक्षा पुण्याच्या कामगाराचा आहे.

ब्रिटनमध्ये ओरड कशासाठी?

ब्रिटनमधल्या टीकेचा रोख शुल्काच्या यादीवर फारसा नव्हता. तो होता सोबतच्या सामाजिक सुरक्षा करारावर. भारतीय कंपनीने तात्पुरते ब्रिटनला पाठवलेले कर्मचारी आणि त्यांची कंपनी यांना आता तीन वर्षे ब्रिटनचा राष्ट्रीय विमा भरावा लागणार नाही. ते भारतातच भविष्य निर्वाह निधी भरत राहतील. आधी ही सूट ५२ आठवड्यांची होती. हीच सवलत भारतात आलेल्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांनाही आहे. हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक आणि रिफॉर्म पक्षाचे नायजेल फराज यांनी ब्रिटिश कामगारांवर हा अन्याय असल्याचे म्हटले. स्टार्मर सरकारने नेमका एप्रिल २०२५ मध्ये मालकांचा राष्ट्रीय विमा १५ टक्के केला होता, त्यामुळे टीकेला धार आली.

पण जरा दुसऱ्या बाजूने पाहा. पुण्याचा एखादा संगणक अभियंता अडीच वर्षांसाठी मँचेस्टरला जातो. तिथे त्याच्या पगारातून ८ टक्के कापले जातात, कंपनी १५ टक्के भरते. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन मिळायला किमान दहा वर्षांची वर्गणी लागते. तो तर अडीच वर्षांत परतणार. म्हणजे भरलेले पैसे बुडीत. शिवाय आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार वेगळा भरावा लागतो, तो या करारानंतरही आहेच. ब्रिटनचे अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया अशा अनेक देशांशी अशा स्वरूपाचे करार आहेत. भारताला मिळालेली ही सवलत मेहेरबानी नव्हे, उशिरा भरलेली भेग आहे. सरकारी अंदाजानुसार सुमारे ७५ हजार कर्मचारी आणि ९०० कंपन्यांना तिचा फायदा होऊन ४,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाचेल.

व्हिसांच्या संख्येत मात्र ब्रिटनने मूठ आवळलेलीच ठेवली. आचारी, योगशिक्षक, शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी वर्षाला १,८०० जागा, एवढेच.

मग भारताने जास्त कुठे दिले?

शुल्काच्या नव्हे, नियमांच्या प्रकरणांत. या भागाची चर्चा कमी होते, कारण त्यात टक्केवारी नसते.

पहिली गोष्ट सरकारी खरेदी. केंद्र सरकारच्या निविदांमध्ये ब्रिटिश कंपन्यांना शिरकाव मिळेल. ब्रिटिश सरकारच्या म्हणण्यानुसार वर्षाला सुमारे ४० हजार निविदा, मूल्य सुमारे ३,८०० कोटी पौंड. ज्या ब्रिटिश कंपनीच्या मालात किमान २० टक्के ब्रिटिश हिस्सा आहे, तिला ‘वर्ग-२ स्थानिक पुरवठादार’ मानले जाईल. हा दर्जा ‘मेक इन इंडिया’ धोरणात भारतीय मालाला पुढे आणण्यासाठी तयार झाला होता. लघुउद्योगांची राखीव खरेदी अबाधित असल्याचे वाणिज्य मंत्रालय सांगते. भारतीय कंपन्यांनाही ब्रिटनच्या सरकारी खरेदीत प्रवेश आहे. पण तिथली निविदा जिंकणाऱ्या भारतीय कंपन्या किती आणि इथली जिंकू शकणाऱ्या ब्रिटिश कंपन्या किती, याचा अंदाज करायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट औषधे. करारातील एक कलम म्हणते की औषधे उपलब्ध होण्यासाठी पेटंटधारकाने स्वेच्छेने परवाना देणे हा अधिक योग्य मार्ग. सक्तीच्या परवान्याचा भारताचा अधिकार त्याने जात नाही आणि सरकारही तेच सांगते. पण भारताने हा अधिकार आजवर एकदाच वापरला आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायर कंपनीच्या नेक्साव्हर या कर्करोगावरील औषधाचा परवाना नॅटको या भारतीय कंपनीला दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८०० रुपयांवर आले. पेटंट घेतलेले औषध देशात पुरेसे उपलब्ध केले जाते का, हा त्या निर्णयातील कळीचा प्रश्न होता. पेटंटधारकाने याची माहिती सरकारला दरवर्षी द्यावी, असा जुना नियम होता. २०२४ मध्ये तो तीन वर्षांतून एकदा असा सैल झाला. या करारामुळे पुढच्या सरकारला तो पुन्हा कडक करणे अवघड होईल. शुल्क उद्या वाढवता-घटवता येते, पण असे कलम एकदा मान्य केले की पुढच्या प्रत्येक देशाशी बोलताना तेच समोर ठेवले जाते.

तिसरी गोष्ट करारात नाही, हीच तक्रार आहे. १ जानेवारी २०२७ पासून ब्रिटन पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते आणि हायड्रोजन यांच्या आयातीवर कार्बन शुल्क लावणार आहे. कोळशावर चालणाऱ्या भारतीय भट्ट्यांतील पोलादाला ते बसेल. करारातून भारताला यातून सूट मिळाली नाही. एका हाताने शून्य केलेले शुल्क दुसऱ्या हाताने परत येऊ शकते.

ब्रिटिश सरकारचा स्वतःचा अंदाज पाहिला तरी अंतर दिसते. दीर्घकाळात, २०४० च्या सुमारास, ब्रिटनची भारतातील निर्यात वर्षाला १,५७० कोटी पौंडांनी आणि भारताकडून होणारी आयात ९८० कोटी पौंडांनी वाढेल. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत त्यामुळे ४८० कोटी पौंडांची भर पडेल, भारताच्या ५१० कोटींची. रक्कम जवळपास सारखी. आजच्या लोकसंख्येने भागली तर ब्रिटनमध्ये माणशी साधारण ७० पौंड आणि भारतात साडेतीन.

आधीच्या करारांनी काय शिकवले?

आसियान देशांशी वस्तू व्यापाराचा करार २०१० मध्ये लागू झाला. त्या गटाशी भारताची व्यापारी तूट २०२२-२३ मध्ये सुमारे ४,३५७ कोटी डॉलरवर पोहोचली. दक्षिण कोरिया आणि जपानशी झालेल्या करारांनंतरही तूट वाढली. या अनुभवाने पोळल्यामुळेच नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत ‘आरसेप’मधून बाहेर पडला. तूट म्हणजे तोटाच असे नाही. आपण आयात करतो त्या पामतेलावर वा सुट्या भागांवर आपलेच उद्योग चालतात. पण आपली निर्यात त्या वेगाने का वाढली नाही, हा प्रश्न उरतो. ब्रिटनच्या बाबतीत हा धोका कमी आहे, कारण तो स्वस्त कारखानदारीचा देश नाही.

संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये झालेल्या कराराचा धडा वेगळा. तिथून प्लॅटिनमच्या मिश्रधातूची आयात अचानक वाढली. तपासले तर त्यात बहुतांश सोने होते. २ टक्क्यांहून थोडे अधिक प्लॅटिनम मिसळले की कागदोपत्री ते प्लॅटिनम ठरत होते आणि सोन्यावरचे जास्त शुल्क चुकत होते. सरकारला नंतर वर्गीकरणच बदलावे लागले. फट कुठे आहे, हे व्यापाऱ्यांना मंत्रालयाच्या आधी कळते.

सवलत प्रत्यक्षात कोण वापरणार?

करार ज्याला वापरता येतो त्याचाच. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे कोणी सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यावरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली, तेव्हा प्रश्न शुल्काचा नव्हताच. त्यानंतर प्रयोगशाळा, बागांची नोंदणी आणि प्रत्येक पेटीचा माग या सगळ्यावर खर्च झाला, तेव्हा कुठे ती बाजारपेठ टिकली. आजही कोणत्या औषधाचा किती अंश चालेल, हे लंडन एकतर्फी ठरवते आणि तो अधिकार या कराराने काढून घेतलेला नाही.

लहान निर्यातदाराची अडचण आणखी साधी असते. शून्य शुल्क आपोआप मिळत नाही. माल भारतातच बनला, हे दाखवावे लागते. या करारात निर्यातदाराला ते स्वतः प्रमाणित करता येईल, ही सोय चांगली आहे. पण दावा तपासणीत टिकला नाही तर शुल्काची वसुली होऊ शकते, म्हणून सुताची बिले, रंगाची बिले, मजुरीची नोंद जपून ठेवावी लागेल. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. कोल्हापुरी चपलेचे नाव करारानंतर दिल्लीत वारंवार घेतले गेले. ती चप्पल घरच्या ओसरीवर बसून शिवणाऱ्याकडे असा विभाग नसतो. त्याच्या वतीने हे काम एखादी सहकारी संस्था किंवा निर्यातदार करणार असेल, तर १६ टक्क्यांतले किती त्याच्यापर्यंत येतात, हे त्या दोघांतल्या व्यवहारावर ठरेल.

मंजुरीच्या वाटेतही एक फरक आहे. ब्रिटनमध्ये कराराचा मसुदा २०१० च्या कायद्यानुसार संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो, सोबत परिणामांचा अभ्यासही प्रसिद्ध होतो आणि संसदीय समित्या साक्षी काढतात. भारतात आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची मंजुरी लागत नाही; केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. त्यामुळे या कराराने ब्रिटिश शेतकऱ्याला काय मिळेल, यावर वेस्टमिन्स्टरमध्ये झाली तशी उलटतपासणी सोलापूर, पुणे किंवा नाशिकच्या नावाने कोणत्याही सभागृहात होणे बंधनकारक नाही.